कुबडी मिरचीचं बी

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव विचाराल तर तिच्या नवऱ्यालासुद्धा क्षणभर आठवावं लागेल. चार वर्षांची असताना ती एका घासाला घरभर एक फेरी मारायची, तेव्हा आईने वैतागून ठेवलेलं हे नाव. पुढे शाळेत, नोकरीत, सासरी, जिथे जाईल तिथे ते तिच्या आधी जाऊन पोचलेलं असायचं. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मोठ्या नणंदेने भावाला विचारलं होतं, "बसता येतं ना रे हिला?"

येत नव्हतं. टेलिफोन कचेरीतली नोकरी तिने आठ महिन्यांत सोडली. गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात ती पंधरा दिवस टिकली. मग पाणीखात्यात मीटर वाचायची जागा निघाली आणि पायांजोगं काम मिळालं. दारातलं लोखंडी झाकण आकड्याने उचलायचं, आतल्या पालीला बाजूला सरकवायचं, काचेवरचा चिखल फडक्याने पुसायचा, आकडा टिपायचा आणि पुढचं दार. दिवसाला सत्तर-ऐंशी घरं. एकोणीस वर्षं तिने हे केलं आणि एकदाही कंटाळली नाही. गल्लीतली कुत्री तिला माणसांच्या आधी ओळखायची.

मग नवे मीटर आले. ते स्वतःच आपला आकडा कचेरीला कळवायचे. भिंगरीला एक खुर्ची मिळाली आणि समोर एक पडदा. तिची सगळी घरं त्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांत बसली. ठिपका लाल झाला की त्या घरी फोन करायचा. ठिपके लाल होत नसत. ती सकाळपासून चौदा वेळा पाणी प्यायला उठायची, मग त्यापायी आणखी तेवढ्याच वेळा उठायची. साहेबांनी एकदा काळजीने विचारलंही, "तब्येत ठीक आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

दुपारच्या सुट्टीत डबा चार घासांत संपवून ती जुन्या फेरीवर निघायची. हातात वही नाही, आकडा नाही, काम काही नाही. लोक विचारायचे, "काय ताई, पुन्हा मीटर?" ती म्हणायची, "नाही हो, सहज." पण सहज चालणं तिला जमायचं नाही. झाकणापाशी आली की हात आपोआप खाली जायचा.

त्या फेरीवर बाइंडरकाकांचं घर होतं. जन्मभर पुस्तकं बांधलेला माणूस. बोटांना डिंकाचा वास आणि परसात मिरच्यांच्या कुंड्या. मीटर नेमका त्या कुंड्यांच्या मागे. दर महिन्याला ते एकेक कुंडी उचलून वाट करून द्यायचे आणि म्हणायचे, "सावकाश गं, ही पोटुशी आहे." त्या दिवशी ती दारात आली तर अंगणात खोकी बांधलेली. काका मुलाकडे राहायला चालले होते. सहावा मजला, ऊन एकाच खिडकीत, तेही पाव्हण्यासारखं येऊन जाणारं.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले आणि खिशातून कागदाची पुडी काढली. "बारा बिया आहेत. काल चौदा होत्या. मोजताना शिंक आली."

ती कुबडी मिरची होती. देठाजवळ पाठीत पोक असलेली, आधी दुधी रंगाची आणि पिकली की एकदम जांभळट तपकिरी होणारी. तोंडात टाकली की आधी वास, मग गोडी, आणि माणूस बेसावध झाला की मग तिखट. काकांना ती त्यांच्या मावशीकडून आली होती, मावशीला कुठून ते मावशीलाच माहीत. उगवायला महिना, फळायला सहा महिने, आणि फळणार ती मूठभर. म्हणून ज्यांनी ज्यांनी लावली त्यांनी सोडून दिली. काकांच्या बरणीतलं जुनं बी मागच्या वर्षी रुजलंच नाही. या बारा बियांपलीकडे कुबडी कुठे असेल तर काकांना ठाऊक नव्हती.

"मला कशाला देताय?" भिंगरी घाबरली. "तुमचं ते मंडळ आहे ना?"

मंडळ म्हणजे गावोगावची आठ माणसं. एकमेकांचं तोंड न पाहिलेली, पण पाकिटातून एकमेकांना मिरचीचं बी पाठवणारी.

"त्यांच्याकडे एकेकाच्या गच्चीवर तीस तीस जाती आहेत. मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जातात, बी भेसळतं. तुझ्याकडे काहीच नाही. आणि तुझे पाय शिवशिवतायत, ते दिसतंय मला." त्यांनी लाल दोऱ्याचं एक रीळ तिच्या हातात ठेवलं, पुस्तकं शिवायचा तो मेणाचा दोरा. "दोनच गोष्टी. कळी उमलायच्या आधी तिच्यावर पातळ कापडाची पिशवी बांधायची. पिशवीत जी मिरची धरेल तिच्याच देठाला हा दोरा. दोरा म्हणजे माझी सही, समज. दोऱ्याच्या मिरचीचं बी मंडळाला वाटायचं. अडवून ठेवायचं नाही."

भिंगरीने बी लावलं आणि नवव्या दिवशी उकरून पाहिलं.

बाराव्या दिवशी पुन्हा पाहिलं. चौदाव्या दिवशी तिने टाचणीने एकेक बी बाहेर काढून उजेडात धरलं. एकाला पांढरा ठिपका फुटल्यासारखा वाटला म्हणून दाबून पाहिलं, तर ते फुटलंच. असं करता करता तीन आठवड्यांत सात बिया गेल्या. उरलेल्या पाच एक दिवस गच्चीवरून नाहीशाच झाल्या. तिने घर डोक्यावर घेतलं.

"माझ्याकडे आहेत," नवरा आतल्या खोलीतून म्हणाला.

नवरा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हा दिवसभर एका स्टुलावर बसून मेणात एकेक दात बसवायचा. तो स्टुलावर बसला की स्टूल हलायचं नाही आणि तोही. गुलाबी हिरड्या शिजवायचं गरम पाण्याचं भांडं कोपऱ्यात दिवसभर मंद चालू असे. त्याच्या वरच्या फळीवर, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत, त्याने बियांचा ट्रे ठेवला होता.

"अहो, मला एकदा बघू तरी द्या!"

"अगं, शिजणाऱ्या कवळीचं झाकण मी असं घडीघडी उघडलं तर गावाच्या तोंडाला भोकं पडतील. तू कचेरीत जा."

पस्तिसाव्या दिवशी दोन रोपं वर आली. तिला आनंद झाला आणि त्याच्या दुप्पट रागही आला, की ती तिच्या हाताखाली का नाही आली. त्यातलं एक तिने इतकं पाणी पाजलं की ते लाडानेच मेलं. दुसरं जगलं.

पण एका रोपाने तिचं कसं भागणार? मंडळाला कळलं होतं की काकांची जागा आता हिने घेतली, तेव्हा आठही जणांनी आपापल्या बियांची पाकिटं पाठवली. न लावणं बरं दिसेना. शिवाय ती भराभर उगवत, भराभर वाढत, रोज काहीतरी करायला लावत. बघता बघता गच्चीवर सात जातींच्या मिरच्या उभ्या राहिल्या आणि मधोमध कुबडी, आपल्याच चालीने, रुसल्यासारखी. काकांनी हिला निवडलं ते गच्ची रिकामी म्हणून, हे तिला आठवत होतं. पण पिशव्या आहेत की, तिने स्वतःची समजूत घातली.

कळ्या आल्या. नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या पातळ कापडातून तिने पिशव्या शिवल्या आणि बांधल्या. ऊन तापलं होतं. पहिली फुलं पिशवीतच गळली. दुसरी खेपही गळली. रोज संध्याकाळी ती पिशवी बोटाने हलवायची आणि आत सुकलेल्या फुलाचा खुळखुळ ऐकू यायचा. तिसऱ्या खेपेला ती ऐकायलाच तयार नव्हती. आत गुदमरतायत बिचारी, वारा नाही, काही नाही. चौथ्या दिवशी तिने सगळ्या पिशव्या काढून टाकल्या. दोन दिवस, फक्त दोन दिवस, मग बांधू परत.

मधमाश्या आल्या. शेजारच्या सात जातींवरून थेट कुबडीवर. भिंगरी त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि तिला बरं वाटलं, हेही खरंच. त्या आठवड्यात थोडं निवलं आणि अकरा मिरच्या धरल्या.

अकराही मिरच्या नीट पोकाच्या, दुधी रंगाच्या निघाल्या. तिला वाटलं, झालं, सुंठीवाचून खोकला गेला. भेसळ झाली असती तर दिसली नसती का? मंडळाच्या चिठ्ठ्यांतून तिने शंभरदा वाचलं होतं की भेसळ फळात दिसत नाही. ती त्या फळाच्या बियांत लपते आणि पुढच्या वर्षी बाहेर येते. पण वाचलेलं वाचलेल्या जागी राहिलं. लाल दोऱ्याचं रीळ काढून तिने अकराही देठांना दोरा बांधला. बांधताना हात भराभर चालत होते. हात नेहमीच भराभर चालायचे, म्हणून नवऱ्याला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

आठ पाकिटं गेली आणि नववं काकांना. "अकरा मिरच्या दोऱ्याच्या," तिने चिठ्ठीत लिहिलं. काकांचं उत्तर आलं, अक्षर थरथरलेलं: "डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण बी बोटांना ओळखू आलं. पोरी, तू मोठं काम केलंस."

त्यानंतर तिला त्या झाडाकडे बघवेना. थंडी येत होती, पानं पिवळी पडायला लागली होती. ती कुंडी उचलून दोन गल्ल्या पलीकडे नणंदेकडे घेऊन गेली. "ताई, तुमच्या काचेच्या बाल्कनीत राहू दे. आमच्याकडे वारा लागतो."

ताईंनी झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एक्स-रे खात्यात एकतीस वर्षं काढलेली बाई. माणसाच्या आत काय आहे ते पाहायची सवय लागलेली. "वारा झाडाला लागतोय की तुला?" त्या म्हणाल्या. पण कुंडी ठेवून घेतली.

पुढचं वर्ष भिंगरीने कसं काढलं ते तिचं तिलाच ठाऊक. गच्चीवर तिने आणखी चार जाती लावल्या. स्वयंपाकघराचा रंग बदलला, तो आवडला नाही म्हणून पुन्हा बदलला. पोस्टाचं काही आलं की ती आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायची. बी लावायच्या दिवसांत काही आलं नाही. रोपं वाढायच्या दिवसांत काही आलं नाही. फळं धरायच्या दिवसांत पहिली चिठ्ठी आली, लांबच्या गावच्या एका केशकर्तनालयवाल्याची. दुकानाच्या दारात तो कुंड्या ठेवायचा. त्याने लिहिलं होतं, "तुमची कुबडी आमच्याकडे येऊन सरळ झाली. चार रोपांपैकी तीन ताठ. अभिनंदन."

मग दुसरी, तिसरी. एकीकडे गोल आली होती, एकीकडे बोटभर लांब. कुणाकडे एखादी पोकाचीही आली होती, पण तिच्याही पोटात काय असेल याची खात्री कोण देणार? कुबडी मोडली होती, आणि ती मोडली हे आता आठ गावांना माहीत होतं. का मोडली ते एकीलाच.

तरीही ती गप्प राहिली असती. चोराच्या मनात चांदणं असतं, पण चांदण्यात चोर हळूहळू सरावतोही. मग मंडळातल्या सगळ्यांना एक चिठ्ठी आली, बाइंडरकाकांची, सुनेकडून लिहवून घेतलेली. "बी माझ्याच हातून भेसळलं असणार. निघताना डोळ्यांनी दगा दिला आणि पुडी बदलली. ज्या पोरीने ते वाढवलं तिचा काही दोष नाही. मावशीची मिरची माझ्या हातून गेली. सगळ्यांची माफी मागतो."

भिंगरीने ती चिठ्ठी उभ्यानेच वाचली. मग बसली. नवरा हातातलं मेण ठेवून बाहेर आला, कारण ती दहा मिनिटं एका जागी बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती. तिने त्याला सगळं सांगितलं, पिशव्या, दोन दिवस, दोरा.

"दोरा का बांधलास?" एवढंच त्याने विचारलं.

"बांधला नसता तर कोणाला काय पाठवणार होते?"

"काहीच नाही. पुढच्या वर्षी पाठवलं असतंस."

पुढच्या वर्षी! हे इतकं सोपं वाक्य तिला तेव्हा सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा काढून ती काकांच्या मुलाच्या इमारतीपाशी गेली. तीन वेळा दारावरून पुढे गेली आणि इमारतीला वळसा घालून परत आली. राखणदाराने विचारलं, "कोण पाहिजे?" तेव्हा नाइलाजाने जिना चढली. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये उभं राहणं तिला झेपलं नसतं.

काका खिडकीत बसले होते. समोर एका कुंडीत एक ताठ, हिरवी, लांब मिरची लोंबत होती. "ये, ये," ते म्हणाले. "बघ, माझ्या चुकीला कसं फळ आलंय."

तिने इकडचं तिकडचं काढलं. ऊन, जिना, मुलाची नोकरी. ताकाला जाऊन भांडं लपवणं किती वेळ चालणार! शेवटी ती उभी राहिली आणि एका दमात बोलून टाकलं. "काका, तुमचे डोळे ठीक होते. पुडीही तीच होती. फुलं गळत होती, मला धीर निघाला नाही, मी पिशव्या काढल्या. एकही मिरची पिशवीतली नव्हती. दोरा मी खोटा बांधला."

काकांनी तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही. मग हळूहळू लाली चढली.

"फुलं गळतातच," ते म्हणाले. "चूक ती नाही. मीही एका वर्षी पिशव्या काढल्या होत्या. पण मी दोरा नाही बांधला." ते थांबले. "दोन महिने मी या सगळ्यांना सांगतोय की आता मला भाजी निवडायलाही देऊ नका, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. सुनेने चाकूसुद्धा लपवून ठेवलाय."

भिंगरीला रडू आलं, पण रडणं म्हणजे माफी मागून घेणं होईल असं वाटून तिने ते गिळलं.

"झाड कुठाय?" काकांनी एकदम विचारलं.

"कोणतं?"

"आई. जिला त्या अकरा लागल्या. माझ्या बियांतून उगवलेली. अगं, भेसळ लेकरांत होते, आई आहे तशीच राहते. मिरचीचं झाड नीट सांभाळलं तर चार चार वर्षं जगतं. ठेवलंस ना? की उपटलंस?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. सहा मजले ती उतरली की पडली हे तिला सांगता येणार नाही.

ताईंच्या बाल्कनीत कुंडी होती. कुंडीत वीतभर बुंधा होता आणि त्या बुंध्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले होते.

"ताई! झाड कुठं गेलं?"

"तेच ते. पानं झडली, म्हणून छाटलं. चिमट्यांना बरं पडतं." भिंगरीचा चेहरा बघून ताई जरा चपापल्या. "मी पाणी घालते हां अधूनमधून. सवय म्हणून."

भिंगरीने गुडघ्यांवर बसून नखाने बुंध्याची साल खरवडली. खाली हिरवं होतं, ओलं. चिमटे काढले तर दोन चिमट्यांच्या मध्ये तांदळाएवढा एक कोंब. तिने कुंडी कवेत घेतली आणि दाराकडे निघाली.

"ठेव खाली," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, हे झाड म्हणजे..."

"ते काय आहे ते सांग, मी ऐकते. पण आधी खाली ठेव."

तिने पुन्हा एकदा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त वाईट वाटलं. ताईंनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माझ्याकडे जगलंय, माझ्याकडेच राहील. तू नेलंस तर रोज उपटून मुळं बघशील. रविवारी यायचं, लांबून बघायचं, हात लावायचा नाही. कापड काय ते मी बांधते. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलेय, हलू नका, श्वास धरा. एका झाडाला सांगणं काय अवघड आहे? अवघड तू आहेस."

"आणि फुलं गळली तर?"

"गळू देत. तुझ्या का माझ्या घरची आहेत?"

त्या सहा महिन्यांत भिंगरीने दुसरं काम केलं. मंडळातल्या आठही जणांना तिने आपल्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या. काकांची चूक नाही, माझी आहे, दोरा खोटा होता, पुन्हा बी देईन, द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. चौघांनी बरं म्हटलं. एका बाईने लिहिलं की तिची गोल मिरची तिला कुबडीपेक्षा जास्त आवडली आहे, ती आता तीच ठेवणार, आणि भिंगरीला हे वाचून आणखीच कसंतरी झालं. दोघांनी उत्तरच दिलं नाही. केशकर्तनालयवाल्याने एक ओळ पाठवली: "आपलं बी नको."

आपल्या कबुलीची चिठ्ठी तिने काकांच्या सुनेलाही नेऊन दाखवली, की चाकू परत द्यावा. सून ओशाळली, चाकू दिला. काका मात्र अजून तिच्याशी तोडकंच बोलत होते. "हं," म्हणायचे. "बघू."

ताईंकडे कोंबाला फांद्या आल्या, फांद्यांना कळ्या. ताईंनी जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाच्या पिशव्या केल्या, त्यांना चिकटपट्टी लावली आणि प्रत्येकीवर तारीख घातली. पहिली फुलं गळली. भिंगरी रविवारी खुर्चीवर बसायची आणि तिचा पाय हलत राहायचा. दुसरी खेप गळली. "ताई, थोडी हवा..." ती म्हणायची. "बस," ताई म्हणायच्या. तिसरी खेप गळली तेव्हा ताई स्वतःच जरा अस्वस्थ झाल्या. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावून आल्या. पण पिशव्यांना त्यांनी हात लावला नाही. चौथ्या खेपेला ऊन उतरलं होतं. सहा मिरच्या धरल्या.

पिकल्यावर काकांना रिक्षाने आणलं. नवराही आला होता, हातात मीठ घेऊन, कोणी सांगितलं नव्हतं तरी. काकांनी एक मिरची बोटांनी चाचपली, पोकावर अंगठा फिरवला. चिरून एक फोड तोंडात टाकली. भिंगरी या पायावरून त्या पायावर होत होती. कितीतरी वेळ काहीच झालं नाही.

"गोड आहे," काका म्हणाले.

"मग?"

"थांब ना."

मग त्यांचे कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना अशी उचकी लागली की ताई पाणी आणायला धावल्या. उचक्यांच्या मधे त्यांनी खिशात हात घातला आणि लाल दोऱ्याचा एक तुकडा काढला, तो मात्र ताईंच्या हातात दिला, भिंगरीच्या नाही. भिंगरीला ते लागलं. लागायलाच हवं होतं, हे तिलाही कळत होतं.

बी वाळलं, पाकिटं झाली, गेली. केशकर्तनालयवाल्याचं एक पाकीट तेवढं उरलं. नको म्हटलेल्याला पोस्टाने पाठवणं म्हणजे दारातून ढकलून देणं. आठवडाभर ते पाकीट पडद्याशेजारी पडून राहिलं आणि आठवडाभर तिला ठिपके दिसेनासे झाले. शेवटी तिने रजा टाकली आणि पहाटेची बस धरली. चार तासांची वाट. बसमध्ये ती दोनदा उभी राहिली, कंडक्टर दोनदा म्हणाला, "ताई, गाव अजून लांब आहे."

दुकान लहान होतं, दोन खुर्च्यांचं. दारात कुंड्यांत ताठ मिरच्या पिकलेल्या. मालक एका गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता. तिने आपण कोण ते सांगितलं. त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं, वस्तरा थांबला नाही.

"बसा," तो म्हणाला.

ती बसली. उठली. भिंतीवरचे केसांचे नमुने पाहिले. बाहेर जाऊन त्याच्या कुंड्यांतली वाळकी पानं वेचली. पुन्हा बसली. तीन गिऱ्हाइकं झाली. शेवटी त्याने टॉवेल झटकला आणि हात पुढे केला नाही.

"पिशव्या किती दिवस ठेवल्या?"

"एकशे दहा दिवस. चार खेपा."

"धीर निघाला तुम्हाला?"

खोटं बोलायला ती एवढ्या लांब आली नव्हती. "मी नाही हो ठेवल्या," ती म्हणाली. "नणंदेने ठेवल्या. मला हात लावू दिला नाही."

तो पहिल्यांदा हसला. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "असं होय? मग द्या इकडे."